शहाणी इमारत आणि घरांतला माणूस

विजेच्या खर्चावर आपण होऊन लक्ष ठेवणाऱ्या इमारतींना हल्लीं 'स्मार्ट' हें इंग्रजी विशेषण लावण्याची चाल पडली आहे. मुंबई-पुण्याकडील नव्या गृहसंस्थांच्या जाहिरातींतून हा शब्द वारंवार दृष्टीस पडतो. तो वाचून सामान्य गृहस्थाची अशी समजूत होते कीं, अशा घरांत राहावयास गेलें म्हणजे विजेची काटकसर आपोआप होत राहील, घरांतल्या माणसांनीं त्यासाठीं कांहीं करावयास नको. ही समजूत कितपत खरी आहे हें तपासून पाहणें अगत्याचें आहे. गेल्या पन्नास वर्षांत या विषयाचा जो पद्धतशीर अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष निराळा आहे. इमारतीच्या यंत्रांत शहाणपण असतें खरें. परंतु तीं यंत्रें आणि घरांतील माणूस यांच्यामधील दळणवळण नीट चाललें, तरच त्या शहाणपणाचें चीज होतें. हें दळणवळण तुटलें म्हणजे उत्तम यंत्रेंहि वायां जातात, आणि प्रसंगीं तीं जाचकहि ठरतात.

अशा यंत्रांची कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील व्हाइटवॉटर या गांवीं शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेंत वॉरन जॉन्सन या नांवाचे अध्यापक होते. थंड मुलखांतली ती शाळा. तळघरांतील भट्टीच्या उष्णतेवर वर्ग ऊबदार राखावे लागत. परंतु वर्गांत ऊब किती आहे हें तळघरांतील गड्यास कळण्याचा मार्ग नसे. तो मधून मधून वर्गांत येऊन उष्णतामान पाही आणि पुन्हा खालीं जाऊन भट्टीच्या झडपा उघडी किंवा मिटी. शिकवणें मध्येंच थांबे, आणि एवढें होऊनहि विद्यार्थी कधीं गारठत तर कधीं उकडून निघत. जॉन्सन यांनीं वर्गाच्या भिंतीवर बसवावयाचें विजेचें एक उपकरण तयार केलें व १८८३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. वर्गांतील उष्णतामान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलें कीं खालीं इशारा मिळे, आणि गडी तेथल्या तेथें झडपा हलवी. दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, मिलवॉकी शहरांत त्यांनीं याच उपकरणांच्या धंद्याची कंपनी काढली.

या लहानशा युक्तींत एक मोठें तत्त्व होतें. जेथें माणसें बसतात तेथील परिस्थितीची खबर, ज्याच्या हातांत झडप आहे त्यास वेळेवर पोंचविणें, हें तें तत्त्व. पुढें झडपा आपोआप हालूं लागल्या, गड्याचें काम यंत्रानें घेतलें, आणि विसाव्या शतकांत मोठमोठ्या इमारतींतील हवा, पाणी, दिवे यांचा सारा कारभार एका खोलींतून पाहतां येऊं लागला. सोय झाली खरी. परंतु खोलींत राहणारा माणूस आणि त्याच्या खोलीचा कारभार पाहणारी व्यवस्था यांच्यांतील अंतर वाढत गेलें. घराचा विचार करतांना भिंती, खिडक्या आणि यंत्रें यांचाच हिशेब होऊं लागला.

हा हिशेब अपुरा कसा आहे, हें न्यू जर्सी प्रांतांतील ट्विन रिव्हर्स नांवाच्या वसाहतींत स्पष्ट झालें. १९७० नंतरच्या दशकांत प्रिन्स्टन विद्यापीठांतील रॉबर्ट सोकोलो आणि त्यांचे सहकारी यांनीं या वसाहतीचा अनेक वर्षें अभ्यास केला. तेथील घरें एकमेकांस लागून, एकाच नकाशाबरहुकूम बांधलेलीं होतीं. भिंती त्याच, खिडक्या त्याच, ऊब देणारी भट्टीहि त्याच प्रकारची. तरीहि थंडीच्या दिवसांत एका घरांत जेवढा गॅस जळे, त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक दुसऱ्या घरांत जळत असल्याचें आढळलें. घराच्या बांधणींत कांहीं छुपा दोष असेल अशी शंका येणें स्वाभाविक होतें. परंतु एखाद्या घरांतील कुटुंब सोडून गेलें आणि दुसरें राहावयास आलें, कीं त्या घराचा खर्चहि बदले. खर्चिक घर काटकसरी होई आणि काटकसरी घर खर्चिक होई. सारख्या घरांच्या खर्चांतील तफावतीचा बराच मोठा भाग अशा रीतीनें राहणाऱ्यांच्या संवयींकडे जात होता.

यावरून 'लोकच उधळे' असा निवाडा देऊन संशोधक थांबले नाहींत. लोकांस आपला खर्च कळतो काय, हा पुढचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. क्लाइव्ह सेलिग्मन आणि जॉन डार्ली यांनीं त्याच वसाहतींतील कांहीं कुटुंबांस उन्हाळ्यांत आठवड्यांतून चार वेळां त्यांच्या रोजच्या विजेच्या वापराचा आंकडा दाखविण्याची व्यवस्था केली. हवामानाचा विचार करून जेवढा वापर अपेक्षित होता, त्याच्याशीं ताडून हा आंकडा दिला जात असे. सुमारें महिनाभर हा प्रयोग चालला. ज्यांना आंकडा कळत होता त्यांनीं, न कळणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षां शेंकडा साडेदहा वीज कमी वापरली. घरें तींच आणि यंत्रेंहि तींच होतीं. नवी होती ती फक्त माहिती.

दुसरा प्रयोग याहूनहि बोधप्रद आहे. दारें-खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र चालू ठेवलें, कीं बाहेर संध्याकाळची हवा गार झाली आहे हें आंतल्या माणसांस समजत नाहीं. यंत्र विनाकारण चालूच राहतें. म्हणून लॉरेन्स बेकर व सेलिग्मन यांनीं घरांत निळा दिवा बसविला. बाहेरचें उष्णतामान २० सेंटिग्रेड अंशांच्या खालीं गेलें आणि यंत्र तरीहि चालू असलें, कीं हा दिवा उघडमीट करूं लागे, व यंत्र बंद केलें म्हणजेच थांबे. तो यंत्र आपण होऊन बंद करीत नसे. 'बाहेर गार आहे, खिडकी उघडलीत तरी चालेल' एवढेंच जणूं सांगे. ज्या घरांत तो होता तेथें विजेचा वापर शेंकडा १५ हून अधिक घटला. पुण्यासारख्या गांवीं उन्हाळ्यांतहि पुष्कळदां रात्रीं हवा गार होते, तेथें असा दिवा कामाचा ठरेल. मुंबईच्या दमट हवेंत मात्र उष्णतामानाबरोबर आर्द्रतेचीहि दखल त्यास घ्यावी लागेल.

बेकर यांच्या तिसऱ्या प्रयोगांत कांहीं कुटुंबांस शेंकडा २० वीज वांचविण्याचें लक्ष्य दिलें होतें, कांहींस अवघें शेंकडा २ चें. मोठें लक्ष्य आणि त्याच्या जोडीला आठवड्यांतून तीन वेळां प्रगतीची माहिती, अशी दोन्ही ज्यांना मिळालीं त्यांनीं सर्वांत जास्त, म्हणजे सुमारें शेंकडा १३ वीज वांचविली. लक्ष्य मोठें पण माहिती नाहीं, अशा कुटुंबांस तें साधलें नाहीं. ध्येय सांगावयाचें आणि तेथवर किती वाट चालून झाली तें सांगावयाचें नाहीं, अशा उपदेशाचा उपयोग होत नाहीं, हा अनुभव प्रत्येक शाळेंत येतोच.

महिन्याचें वीजबिल हें या दृष्टीनें फार दुबळें साधन आहे. वर्षभर गणितें सोडविलेल्या मुलास एकहि वही परत न देतां वर्षाच्या शेवटीं गुणांची फक्त बेरीज सांगावी, म्हणजे त्याचें कोठें चुकलें हें त्याला कधींहि समजावयाचें नाहीं. बिलाचेंहि तसेंच आहे. त्यांत महिन्याची बेरीज असते. ती कोणत्या यंत्रानें, कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं केली याचा मागमूस नसतो. त्यामुळें काटकसर नको तेथें होते. १,००० वॅटचें यंत्र एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. या हिशेबानें ९ वॅटचा दिवा रात्रभर, म्हणजे १२ तास, जळत राहिला तर युनिटाच्या नवव्या हिश्शाहूनहि कमी वीज लागते. २,००० वॅटचा गीझर तेवढी वीज सव्वातीन मिनिटांत घेतो. दिवा विसरल्याबद्दल मुलांस रागें भरणाऱ्या घरांत गीझर सकाळभर चालू असतो, याचें कारण दिव्याचा उजेड डोळ्यांस दिसतो आणि गीझरचा खर्च दिसत नाहीं. पंख्याचेंहि असेंच. साधा छताचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो. नव्या धर्तीचा, ज्यास बीएलडीसी म्हणतात तो, ३० वॅटच्या आसपास. दिवसाचे १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागें रोज अर्धें युनिट वांचतें; चार पंख्यांच्या घरांत महिन्याला हीच बचत ६० युनिटांच्या घरांत जाते.

शहाण्या इमारतीचें पहिलें काम न दिसणारा हा खर्च दिसता करणें हें आहे. तिच्यांत उष्णतामान, उजेड आणि माणसांचा वावर ओळखणारीं छोटीं उपकरणें असतात. ठराविक मिनिटांच्या अंतरानें वापराची नोंद करणारा मीटर असतो. आणि या नोंदींवरून यंत्रें कमीजास्त चालविणारी एक मध्यवर्ती व्यवस्था असते. खोलींत कोणी नसेल तर दिवे मालवणें, जिन्यांतील दिवे पावलागणिक लावणें, अशीं कामें तिनें न विचारतां करावीं. त्यांत कोणाचें सुख कमी होत नाहीं. परंतु जेथें सुखसोयीचा संबंध येतो तेथें तिनें सुचवावें आणि निर्णय घरच्यांवर सोपवावा. भारतांत या बाबतींत एक चांगला पायंडा पडला आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रें कारखान्यांतून येतांनाच २४ अंशांवर लावलेलीं असावीं, असा नियम झाला. ज्यास अधिक गारवा हवा त्यानें आंकडा खालीं आणावा. त्यास कोणी अडवीत नाहीं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबानें प्रत्येक अंश वर नेला कीं सुमारें शेंकडा ६ वीज वांचते. बहुतेक माणसें समोर आलेला आंकडा तसाच राहूं देतात. या मानवी आळसाचाच येथें सदुपयोग करून घेतला आहे.

दुसरें काम आहे वेळेचें. वीज मोठ्या प्रमाणांत सांठवून ठेवणें अजूनहि खर्चाचें आहे; म्हणून ती ज्या क्षणीं लागते जवळ जवळ त्याच क्षणीं निर्माण करावी लागते. सूर्याची वीज भर दुपारीं विपुल असते, आणि दिवेलागणीला घरोघरीं मागणी वाढते तेव्हां ती मावळलेली असते. म्हणून एकाच युनिटाची खरी किंमत दुपारीं एक आणि रात्रीं दुसरी असते. केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधींच्या नियमांत दुरुस्ती करून, सूर्यप्रकाशाच्या तासांत नेहमींपेक्षां शेंकडा १० ते २० स्वस्त आणि गर्दीच्या तासांत तितकाच महाग, असा वेळेनुसार बदलणारा दर लागू करण्याची दिशा दिली. महाराष्ट्रांतहि २०२५ सालीं महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठीं वेळेनुसार वापर मोजणारे मीटर बसूं लागले, व सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील विजेवर सवलत जाहीर झाली.

या व्यवस्थेंत घरांतील कामांचे दोन वर्ग पडतात. कपडे धुण्याचें यंत्र, सोसायटीच्या टाकींत पाणी चढविणारा पंप, विजेच्या गाडीची बॅटरी, हीं कामें चार तास मागेंपुढें झालीं तरी कोणाचें बिघडत नाहीं. संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजाऱ्याच्या उशाशीं चालणारें यंत्र, हीं कामें मात्र वेळ राखूनच व्हावयास हवीं. शहाणपण असें आहे कीं, पहिल्या वर्गांतील कामें यंत्रानें गुपचूप स्वस्त वेळीं हलवावीं आणि दुसऱ्या वर्गाला हात लावूं नये. हा भेद कोठें करावयाचा, हें यंत्राला बाहेरून समजत नाहीं. एका घरांत दुपारीं कोणी नसतें; दुसऱ्या घरांत दुपारींच म्हाताऱ्या माणसांस गारव्याची गरज असते. दिवसभर नोकरी करून संध्याकाळीं सातला चुलीपाशीं उभी राहणारी गृहिणी स्वस्त तासांचा लाभ घेऊं शकत नाहीं. तिच्या वांट्याला महाग तासच येतात. तिचा पंप आणि धुलाई दुपारीं हलविण्याची सोय इमारतीनें केली नाहीं, तर हें शास्त्र तिच्या दृष्टीनें केवळ दरवाढ होय.

राहणाऱ्यास विश्वासांत घेणें आणि न घेणें यांतील अंतर २०२२ सालीं अमेरिकेंतच आठवड्याभराच्या अवधींत दिसून आलें. कोलोराडो प्रांतांत ३० ऑगस्ट रोजीं कडक उन्हाळ्यांत विजेची टंचाई भासली, तेव्हां सुमारें २२,००० घरांतील थर्मोस्टॅट वीजकंपनीनें दुरून कुलूपबंद केले. या लोकांनीं योजनेंत आपण होऊन नांवें नोंदविलीं होतीं. नोंदणीच्या वेळीं १०० डॉलर व पुढें दरसाल २५ डॉलर अशी सवलतहि त्यांना मिळत होती. परंतु ऐन उकाड्यांत आपल्याच भिंतीवरील आंकडा आपल्या हातानें बदलत नाहीं, हें कळल्यावर त्यांच्यांत मोठा असंतोष माजला. संमति दिली होती हें खरें. पण त्या संमतीचा पुरा अर्थ त्यांना त्या दिवशीं समजला.

त्यानंतर एका आठवड्यानें, ६ सप्टेंबर रोजीं, कॅलिफोर्नियांत उष्णतेच्या लाटेमुळें विजेची मागणी ५२,०६१ मेगावॅट या तेथवरच्या उच्चांकास पोंचली. वीज आळीपाळीनें बंद करण्याची वेळ येऊन ठेपली होती. सायंकाळीं पावणेसहाच्या सुमारास सरकारनें लक्षावधि लोकांच्या मोबाइल फोनवर एक छोटासा संदेश पाठविला कीं, शक्य असेल तर आतां विजेचा वापर कमी करा. कांहीं मिनिटांतच मागणी खालीं येऊं लागली, आणि अर्ध्या तासाच्या आंत ती सुमारें २,००० मेगावॅटनें घटली. संकट टळलें. कोणाच्या घरांतील कोणतेंहि बटण दुसऱ्यानें दाबलें नव्हतें. अर्थात् रोज उठून असा संदेश पाठविला तर त्याची किंमत राहणार नाहीं, हेंहि उघड आहे. संकटकाळची हांक संकटकाळींच द्यावयाची असते. परंतु माणसांस कारण सांगितलें, नेमकी वेळ सांगितली आणि निवड त्यांच्याकडे ठेवली, तर तीं किती झपाट्यानें सहकार्य करतात, याचा हा दाखला आहे.

या सर्वाला आणखी एक बाजू आहे, आणि ती गृहस्थानें डोळ्यांआड करूं नये. खर्च दिसता करणारा मीटर घरहि दिसतें करतो. जॉर्ज हार्ट या अमेरिकन संशोधकानें १९८० नंतरच्या दशकांत, घराच्या एकाच मुख्य मीटरवरील चढउतार पाहून आंत कोणतें यंत्र केव्हां चालू झालें व केव्हां बंद झालें हें ओळखण्याची रीत शोधून काढली. फ्रिजचा चढउतार निराळा, गीझरचा निराळा. जाणकारास ते वेगळे काढतां येतात. ग्राहकास आपल्या बिलाची फोड करून देण्यास ही रीत उत्तम आहे. परंतु घरचीं माणसें केव्हां उठतात, केव्हां बाहेर जातात, घर किती दिवस रिकामें आहे, हेंहि त्याच नोंदींतून परक्यास कळूं शकतें. असा इशारा खुद्द हार्ट यांनींच १९८९ सालीं दिला होता. नेदरलंड्समध्यें असे मीटर सक्तीनें बसविण्याचा कायदा एप्रिल २००९ मध्यें वरिष्ठ सभागृहापुढें अडला, तो मुख्यत्वें याच कारणास्तव. पुढें नागरिकास मीटर नाकारण्याचा हक्क देऊन मगच योजना मार्गी लागली.

तेव्हां नव्या इमारतींत घर घेणाऱ्यानें, अथवा जुन्या सोसायटींत अशी व्यवस्था बसविण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढें आला असतां सभासदांनीं, यंत्रांची यादी ऐकून समाधान मानूं नये. चार प्रश्न अवश्य विचारावे. घरांतील वापराचा आंकडा रोजच्या रोज, आणि रुपयांत, मराठींत, वडील माणसांसहि वाचतां येईल असा दिसणार आहे काय? यंत्रानें घेतलेला निर्णय घरांतल्या माणसास हातानें, तत्काळ आणि कोणासहि फोन न करतां फिरवितां येईल काय? घरांतील नोंदी कोणाकडे जातील, किती दिवस राहतील आणि त्या कोण पाहूं शकेल? आणि वांचलेल्या विजेचा पैसा सभासदाच्या बिलांत उतरणार, कीं व्यवस्था बसविणाऱ्याच्या खिशांत जाणार? या प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळालीं नाहींत, तर व्यवस्था घेण्याची घाई करूं नये.

आणि तीं मिळेपर्यंत थांबण्याचेंहि कारण नाहीं. रोज रात्रीं ठराविक वेळीं मीटरवरील आंकडा वहींत लिहून आदल्या दिवसाच्या आंकड्यांतून वजा करण्याचें काम घरांतील एखादें शाळकरी मूलहि करूं शकेल. आठ दिवसांत गीझर, इस्त्री आणि वातानुकूलन यंत्र यांचे दिवस त्या वहींत वेगळे दिसूं लागतात. ट्विन रिव्हर्समधील कुटुंबांस ज्या माहितीनें शेंकडा साडेदहा वीज वांचवितां आली, ती माहिती याच जातीची होती.